शांत ठरलेला आवाज

रामकृष्ण गावंडे माझ्या गावचा. सौंसरच्या पुढे, संत्र्याच्या बागा संपून काळी जमीन सुरू होते, तिथलं आमचं गाव. राज्यांच्या सीमा बदलल्या तेव्हा गाव जागचं हललं नाही, आणि आम्ही मात्र मध्यप्रदेशातले मराठी झालो. रामकृष्ण तरुणपणी जबलपूरला गेला, तोफखान्याचं सामान करणाऱ्या एका फॅक्टरीत लागला आणि तिथलाच झाला. ही गोष्ट थोडी त्याची आहे आणि जास्त त्याच्या मुलीची, शैलजाची. शैलजा तिथल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात शिकवते. माणसाच्या आवाजावरून त्याचं मन ओळखणारं मशीन करण्यात तिने आपली उमेदीची सगळी वर्षं घातली.

मी शाळेत फार गेलो नाही. पण गोष्ट कुठून धरायची ते मला कळतं, आणि त्यासाठी मला कुणाच्या डिग्रीची गरज पडलेली नाही. ही गोष्ट मशीनपासून धरली तर हाती लागणार नाही. ती हॅमर शॉपपासून धरावी लागते.

हॅमर शॉप म्हणजे फॅक्टरीतली ती जागा, जिथे भट्टीतून काढलेलं लाल लोखंड चिमट्यात धरून यंत्राच्या घणाखाली सरकवतात. घण पडला की पायाखालची जमीन हलते आणि तोंडातले दात एकमेकांवर वाजतात. रामकृष्णाची सारी नोकरी त्या घणाजवळ गेली. कानात कापूस घालत असे. पण कापसाने घणाला काय अडवायचं? चाळिशी गाठता गाठता त्याचे कान अर्धे गेले. त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांचेच गेले.

ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्याने बोलतो, आणि त्याच्याशी बोलणाऱ्याला त्याहून मोठ्याने बोलावं लागतं. रामकृष्णाची बायको पुष्पा लग्नात इतकी हळू बोलायची की सासूने मुकी समजलं होतं. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये काही वर्षं काढल्यावर तिच्या घरात चहा झाल्याची खबर अख्ख्या लाइनीला मिळू लागली. मी एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. जेवताना दोघांचं चाललं होतं ते असं :

"भाजीत मीठ नाही!"

"नाही तर घ्या नं वरून! हात मोडले काय?"

"हात मोडले असते तर तूच भरवलं असतं!"

"आता काय वेगळं करून राहिली मी? रोजच भरवते!"

आणि दोघं हसत होती. रस्त्याने जाणारा माणूस मात्र थबकून खिडकीकडे पाही. शेजारी नवी बाई राहायला आली, तिने पुष्पाला बाजूला घेऊन समजावलं, "दीदी, रोज-रोज का झगड़ा अच्छा नहीं. बच्ची पे असर पड़ता है." पुष्पा म्हणाली, "झगड़ा कहाँ बहन, ये तो हमारी बातचीत है." त्या बाईला ते काही पटलं नाही.

शाळेतल्या मुली शैलजाला विचारत, "क्यों री, आज तेरे घर में कौन जीता?" ती रडत घरी येई. ती का रडते हे रामकृष्ण ओरडून विचारी, आणि ती आणखी रडे.

त्या घरात आवाज हळू झाला तो एकदाच, असं शैलजाला आठवतं. ती सहावीत असेल. गावाकडचा रामकृष्णाचा धाकटा भाऊ वारल्याची खबर फॅक्टरीत आली. सायकल भिंतीला टेकवून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "पुष्पा, सामान बांध." इतका हळू, की आपल्या नवऱ्याचा असाही आवाज आहे हे पुष्पाला त्या दिवशी कळलं. तिने कुणाचं काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. पिठाची परात तशीच ठेवून ती उठली. शैलजा तेव्हापासून शिकली की आपल्या घरात ओरडण्याला भ्यायचं नसतं. भ्यायचं असतं ते हळू बोलण्याला.

पुढे ती कॉम्प्युटर शिकली, खूप शिकली, आणि पीएचडीला तिने हाच विषय घेतला. परदेशी माणसांनी मशीनला भावना शिकवायला सुरुवात केली होती. मशीनला हजारो आवाज ऐकवायचे, प्रत्येक आवाजासोबत त्यातली भावना सांगायची. राग, आनंद, दुःख, शांती. पुरेसे आवाज ऐकले की मशीन नव्या आवाजातलं मन आपोआप ओळखू लागतं. शैलजाने आपल्या घरी टेप केलेलं आईबाबांचं बोलणं अशा एका तयार मशीनला ऐकवलं. मशीनने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच उत्तर दिलं : राग.

ती मला सांगत होती, "भाऊ, मशीनसुद्धा त्या शेजारणीसारखंच निघालं."

तिने मग कंबर कसली. जबलपूरच्या रांझी, गोरखपूर, महाराजपूर या वस्त्यांत, जिथे जिथे फॅक्टरीतली रिटायर माणसं घरं बांधून राहिली होती तिथे तिथे ती स्कूटरवर फिरली. मराठी घरं, हिंदी घरं, बंगाली घरं. छोटा रेकॉर्डर मधे ठेवायचा आणि लोकांना बोलू द्यायचं. कॉलेजातले तिचे वरिष्ठ हेमचंद्र सर होते. माणूस सज्जन, पण तोलून मापून बोलणारा.

"गावंडे मॅडम, तुम्ही विज्ञानाची बाजू मांडून राहिल्या, का तुमच्या बाबांची?"

"दोन्हींची, सर."

"दोन्ही नाही चालत. तुम्ही म्हणाल ही माया, मी म्हणेन हा राग. ठरवणार कोण?"

म्हणून त्यांनीच नियम घालून दिला. प्रत्येक आवाज तिघांनी ऐकायचा, वेगवेगळा, एकमेकांना न विचारता. आवाज कुणाचा ते सांगायचं नाही. एकदाच ऐकायचा. दोघांचं जुळलं तर तेच खरं मानून मशीनला शिकवायचं. नियम साधा होता आणि शैलजाला तो न्यायाचा वाटला. त्या वर्षी ऐकायला बसलेली मुलं योगायोगाने फॅक्टरीच्या घरांतली होती. मोठ्या आवाजातलं बोलणं ऐकून ती हसत आणि लिहीत : माया, थट्टा, आनंद. याच नियमाने शैलजाच्या घराचा आवाज जिंकला. मशीन शिकलं की मोठा आवाज म्हणजे राग असेलच असं नाही. तिला पीएचडी मिळाली. रामकृष्णाने रिटायर झाल्यावर महाराजपूरला बांधलेल्या घरासमोर पेढे वाटले, आणि वाटताना इतका ओरडला की समोरच्यांना वाटलं पेढेवाल्याशी बाचाबाची झाली.

त्यानंतर पुष्पा गेली. पोटात गाठ निघाली, आणि गाठ सापडेपर्यंत उशीर झालेला. तेरवी आटोपल्यावर पाहुणे पांगले. शैलजाचं तेव्हा काम चालू होतं म्हाताऱ्या माणसांच्या आवाजावर. एकटे राहणारे म्हातारे, मुलं पुण्याला, बंगळुरूला. मशीनने रोज सकाळी फोन करून त्यांच्याशी चार शब्द बोलावेत, आवाजावरून मन ओळखावं आणि मुलांना कळवावं, असं ते काम. रामकृष्ण स्वतःच तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "माझाही घे."

तिने रेकॉर्डर लावला. "आईबद्दल काही बोला, बाबा."

तो भिंतीकडे वळला. मग बोलला, "पुष्पा सकाळी हाक मारून उठवत होती. आता आपला आपण उठतो. ठीक आहे." तो हळू बोलला. सायकल भिंतीला टेकवून बोलला होता तसा.

बाकीच्या आवाजांबरोबर हा आवाजही तिघांपुढे गेला. त्या वर्षी ऐकायला लतिका आणि श्रीकांत होते, दोघंही नेपियर टाउनची, चांगल्या घरची, हळू बोलणाऱ्या घरची मुलं. तिसरी स्वतः शैलजा. लतिकाने कानावरचे हेडफोन काढले आणि तोंडून निघूनच गेलं, "किती शांत बोलतात नं हे आजोबा. समाधानी वाटतात." तिने लिहिलं होतं : शांत. श्रीकांतनेही आधीच लिहिलं होतं : शांत. शैलजाने लिहिलं होतं : दुःख.

"जरा पुन्हा ऐकता का हा?" शैलजा म्हणाली.

श्रीकांत हसला. "मॅडम, तुम्हीच तर शिकवलं, दुसऱ्यांदा ऐकवायचं नाही. ऐकवलं की माणूस विचार करायला लागतो."

ते बरोबर होतं. ज्या नियमाने तिचे मोठे आवाज जिंकले, तो नियम आता बापासाठी मोडायचा? हा आवाज माझ्या बाबांचा आहे, आमच्याकडे असं बोलणं म्हणजे घरात मरण, हे ती सांगू शकली असती. तिला ती लबाडी वाटली. दोघांचं जुळलं होतं. मशीनला सांगितलं गेलं : शांत. फॅक्टरीतल्या आणखीही म्हाताऱ्यांचे असे हळू आवाज होते. कुणाची बायको गेलेली, कुणाचा मुलगा. तेही सगळे शांत ठरले, आणि मशीनने शिकायचं ते शिकून घेतलं.

बंगळुरूला एका संस्थेने तिला वर्षभरासाठी बोलावलं. तिचं मशीन एक कंपनी खरोखरीच घराघरांत लावणार होती. तिचा पाय निघत नव्हता. रामकृष्ण चिडला.

"काहून नाही जात? मी काय दूधपितं पोर आहो?"

"तुमच्याजवळ कोण राहील, बाबा?"

"अंबादास आहे! तुझं मशीन आहे! दोन बहिरे आणि एक मशीन, मजेत राहू!"

अंबादास म्हणजे अंबादास खवसे, हॅमर शॉपमधला त्याचा जोडीदार, दोन गल्ल्या सोडून राहणारा. रोज संध्याकाळी तो येई आणि ओट्यावर बसून दोघं एकमेकांवर ओरडत. तो शैलजाला म्हणाला, "बेटा, तू बेफिकीर जा अन् ये. तुझा बाप माझ्याआधी नाही जात. माझे पत्त्यांत हरलेले डाव बाकी आहेत त्याच्यावर."

ती गेली. आणि रोज सकाळी महाराजपूरच्या घरात फोन वाजू लागला. फोनमधून एक गोड बाई बोले, "नमस्ते बाबूजी. आज तबीयत कैसी है? मन कैसा है?" पहिले काही दिवस रामकृष्णाने तिला चांगलीच पिदडली. "अरे मस्त है! तुम बताओ, तुम्हारा नाश्ता हुआ क्या? नहीं हुआ? तो आ जाओ, पोहे बनाए हैं!" मशीनला नाश्त्याचं उत्तर देता येत नसे. पण मन ओळखता येत होतं. शैलजाच्या मोबाइलवर रोज एक शब्द येई : खुश. इतक्या मोठ्याने ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला दुसऱ्या कुठल्याही मशीनने रागीट ठरवलं असतं. शैलजाला आपल्या कामाचं समाधान वाटे.

दसऱ्यानंतर शब्द बदलला. शांत. दुसऱ्या दिवशीही शांत. मग शांतच.

ती स्वतःही त्याला फोन करी. त्याचा आवाज उतरलाय हे तिच्या कानाला जाणवलं नाही असं मी म्हणणार नाही. जाणवलं. पहिल्या वेळी तिला वाटलं फोन खराब आहे. नंतर वाटलं, घरात ओरडायला आता कोण आहे, सवय मोडली असेल. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, ज्या कोपऱ्यात शाळेतल्या त्या मुली अजून हसत होत्या, तिथे तिला थोडं बरंसुद्धा वाटलं. बाबा आता नेपियर टाउनच्या माणसांसारखे बोलायला लागले. तिने मोबाइल पाहिला. मशीन म्हणत होतं, शांत. कान एक सांगत होता आणि मशीन दुसरं; आणि मशीन तिने स्वतः, नियमाने, प्रामाणिकपणे घडवलेलं होतं.

एकदा अंबादासचा फोन आला. तो नेहमीसारखा ओरडत होता.

"बेटा, माझे कान पार गेले!"

"काय झालं, काका?"

"अरे, तुझ्या बापाचं काही ऐकूच येत नाही आता! ओट्यावर बाजूला बसतो, तोंड हलताना दिसते, आवाज नाही! मीच बोलत राहतो येड्यासारखा. हे काय म्हातारपण!"

शैलजा हसली. "नेपियर टाउनला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या, काका. मशीन लावून घ्या."

"अच्छा, तू म्हणते तर जातो. पण ते कानातलं मशीन लावून मी बायकोचं ऐकावं, हे वय आहे का माझं?"

दोघंही हसले, आणि फोन ठेवला गेला.

अंबादास बापडा आपल्या कानांना दोष देत राहिला. घणाजवळ राबलेली ती माणसं. ऐकू आलं नाही की दोष आपल्याच कानांचा, हे त्यांच्या हाडांत बसलेलं. समोरचा हळू बोलत असेल, ही शंका त्यांना शिवत नाही, कारण त्यांच्यात कुणी हळू बोलतच नाही. रामकृष्ण ओट्यावर बसून काय काय बोलला असेल त्या दिवसांत, ते त्याच्या एकुलत्या एका मित्रापर्यंत पोचलं नाही. मित्र पान हलावं तशी मान हलवत राहिला आणि मनात आपल्या म्हातारपणाला शिव्या देत राहिला.

नातू मागे लागला तेव्हा अंबादासने शेवटी कान तपासून घेतले. डॉक्टरने यंत्रावर पाहून सांगितलं, "बाबूजी, कान जैसे पहले थे वैसे ही हैं. और नहीं बिगड़े." अंबादासला हे कोडं उलगडलं नाही. तरी त्याने ते कानातलं मशीन घेतलं, कानात बसवलं, आणि संध्याकाळी रामकृष्णाच्या ओट्यावर जाऊन बसला. नवीन खेळणं दाखवावं तसा कान पुढे करून म्हणाला, "बोल आता! काय बोलतो ते बोल!"

रामकृष्ण बोलला. काय बोलला ते अंबादासने मला कधी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने मान फिरवली.

त्याने तिथूनच शैलजाला फोन लावला. "बेटा, माझे कान ठीक आहेत! सारे ठीक आहेत! तुझ्या बापाचा आवाज गेला. तू ये."

शैलजा आली तेव्हा रामकृष्ण दवाखान्यात होता. छातीत पाणी झालं होतं. हृदय कित्येक महिने थकत चाललं होतं आणि दोन वाक्यं बोलायलाही श्वास पुरत नव्हता. जेवण जवळजवळ सुटलेलं. डॉक्टरने तिला विचारलं, "इतने दिन से किसी ने ध्यान नहीं दिया?" तिच्या पर्समधल्या मोबाइलवर, त्याला दवाखान्यात आणण्यापूर्वी आलेला, त्याही सकाळचा शब्द होता : शांत.

पलंगाजवळ बसून तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. "बाबा, कसे आहात?"

त्याने डोळे उघडले नाहीत. ओठ हलले. ती वाकली.

"सब ठीक है जी," तो म्हणाला.

बाप आयुष्यात तिच्याशी कधी हिंदीत बोलला नव्हता. हिंदी परक्यांसाठी, साहेबांसाठी, बाजारासाठी. घरातलं दुःख मराठीत आणि दारावरच्या पाहुण्याला हिंदीत 'ठीक है', ही त्यांच्या पिढीची रीत. रोज सकाळी ती गोड बाई मन विचारायची, आणि पाहुण्याला देतात तेच उत्तर तो देत राहिला होता.

"बाबा, मी आहे. शैलू."

"जी. सब ठीक."

ती उठून उभी राहिली. पदर खोचला. पुष्पा खोचायची तसा. मग छातीत मावेल तेवढी हवा भरून तिने त्या भरल्या वॉर्डात आवाज टाकला :

"बाबा! काहून जेवले नाही? दोन पोळ्या खायला जोर पडते का तुम्हाला?"

सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. नर्स धावत आली. "मैडम, धीरे! मरीज़ पे चिल्लाइए मत!" शेजारच्या पलंगावरची म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली, "देख तो, बेचारे को आख़िरी बखत में भी चैन नहीं."

रामकृष्णाने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं. छाती वर झाली, खाली झाली, आणि त्या मोडक्या भात्यातून जेवढा निघेल तेवढा आवाज निघाला :

"ओरडून काहून राहिली वं! बहिरा आहो का मी?"

"मग काय! बहिरेच आहात तुम्ही! सारं आयुष्य बहिरे!"

"अन् तू? तुले तरी ऐकू येते का?"

तो थट्टेने म्हणाला. तोंडावर हसू होतं. पण शैलजाला पुढचं ओरडता आलं नाही. ती खाली बसली आणि पलंगाच्या लोखंडी दांड्यावर डोकं टेकवलं. नर्सने तिला पाणी आणून दिलं आणि जरा कडक आवाजात सांगितलं, घरचे झगडे घरी करावेत.

त्यानंतर चार घास वरणभात त्याने तिच्या हातून खाल्ला. मीठ कमी आहे म्हणाला. त्याच आठवड्यात तो गेला.

तेरवीच्या आधी हेमचंद्र सर भेटायला आले. हातात गुलाबी कागदात बांधलेली केळी, दाराशी चपला सरळ लावून ठेवलेल्या. ते थोडा वेळ बसले. शैलजा म्हणाली, "सर, तो शब्द बदलायचा आहे."

"कोणता?"

"बाबांच्या आवाजाला शांत म्हटलं होतं, तो."

सरांनी चष्मा काढून पुसला. "एकाचा बदलला तर सगळ्यांचे पाहावे लागतील, मॅडम."

"सगळ्यांचे पाहू. आणि ऐकणाऱ्या तिघांत निदान दोघं तसल्याच घरांतले असू द्या."

"घरचा माणूस घरच्या बाजूने बोलतो. म्हणून तर आवाज कुणाचा ते सांगायचं नाही, असं ठरवलं होतं आपण." मग त्यांनी आवाज उतरवला. "आणि मशीन आता आपल्या हातात राहिलं कुठं? कंपनीने ते लावलं. शंभरातल्या पुष्कळांचं ते बरोबर ओळखते. ते लोक खुश आहेत."

"आणि बाकीचे, सर?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला; खोटं उत्तर देण्याइतका तो माणूस हलका नव्हता. तिने कंपनीला कळवलं. तिकडून आभार आले, विचार करू म्हणून सांगितलं. अजूनही कुठल्या कुठल्या गावांत रोज सकाळी ती गोड बाई फोन करते. कुठल्यातरी घरात कुणी म्हातारा, कुणी म्हातारी तिला हळू आवाजात उत्तर देते, आणि दूर कुठेतरी मुलगा मोबाइल पाहून निश्चिंत होतो. ती घरं कोणती, हे शैलजाला माहीत नाही. तिने विचारलं तरी कंपनी नावं सांगत नाही. मला म्हणाली, "भाऊ, मला सकाळ झाली की भीती वाटते."

मी तेरवीला गेलो होतो. महाराजपूरच्या त्या घरात हॅमर शॉपची म्हातारी माणसं जमली. जे उरले होते ते सगळे आले. कुणी काठीवर, कुणी नातवाच्या स्कूटरवर. ही मंडळी एकत्र आली की गल्ली दणाणायची हे मी अनेकदा पाहिलं होतं. त्या दिवशी ती सतरंजीवर भिंतीला टेकून बसली आणि एकमेकांशी बोलू लागली, आणि घर हललं नाही. सगळे हळू बोलत होते. आणि सगळे बहिरे. कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. एक बोले, दुसरा त्याच्या ओठांकडे पाही, मान हलवी, मग आपलं काही सांगे, आणि पहिला तसाच मान हलवी. अंबादासच्या कानात मात्र ते मशीन होतं. त्याला सगळ्यांचंच ऐकू येत असावं. थोडा वेळ तो बसला. मग त्याने ते कानातून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं.

आत पंगत मांडलेली. शैलजा बोलवायला बाहेर आली आणि दारात थांबली. मग ती सतरंजीवर त्या माणसांच्या मधे येऊन बसली. पहिल्या म्हाताऱ्याच्या तोंडाजवळ कान नेला. "काय म्हणता, काका?" तो बोलला. मोठ्याने बोला, असं ती म्हणाली नाही. ऐकून झाल्यावर ती पुढच्याकडे सरकली, आणि त्याच्या तोंडाशी कान नेला. एकेकाला वेळ लागत होता. पत्रावळींवर वाढलेला भात गार होऊन गेला. आतून बायका दारापर्यंत येऊन परत गेल्या, पण तिला कुणी हाक मारली नाही.